तू, दीर्घ

कराड मागं पडलं तसं भाच्यानं गाडीला आपला फोन जोडला. 'मामा, दोनच गाणी. मग तुझं लाव.' आधी ढोल वाजले. मग घोगऱ्या आवाजात कुणीतरी आरोळी दिली, तिला चारसहा आवाजांनी उत्तर दिलं आणि त्यावर गिटारी कोसळल्या. मागच्या सीटवर आई होती. आता ती 'बंद कर रे ते' म्हणणार, असं मी धरून चाललो होतो. तिनं गाणं पुरतं ऐकलं आणि विचारलं, 'अरे, हा मुलगा भांडतोय की मंत्र म्हणतोय?'

तो मुलगा लुइस डि याँग. गाणं रेकॉर्ड झालं तेव्हा त्याचं वय सोळाच्या आसपास. ड्रमवर त्याचा थोरला भाऊ हेन्री, बेस गिटारवर तेव्हा ईथन ट्रेम्बाथ. बँडचं नाव एलियन वेपनरी, गाव न्यूझीलंडच्या उत्तर टोकाकडचं वायपू. त्यांचा पहिला अल्बम नेपाम रेकॉर्ड्स या ऑस्ट्रियन कंपनीनं 1 जून 2018 रोजी काढला. त्याचं नाव देवनागरीत लिहिलं की आपण दचकतो: 'तू'. माओरी भाषेत 'तू' म्हणजे उभं राहणं, आणि 'तू' हे युद्धदेव तूमाताउएङा याचं आखूड नावही. ऊ दीर्घ आहे. रोमन लिपीत त्या स्वरावर आडवी रेघ देतात. ती रेघ गाळली, तर माओरीत शब्दच बदलू शकतो. ऱ्हस्व-दीर्घावरून शाळेत छड्या खाल्लेल्या आपल्यासारख्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

आईच्या प्रश्नानं मी पुढचे दोन महिने हा अल्बम ऐकत राहिलो. तिला एक शब्द कळला नव्हता, पण कानानं नेमकं हेरलं होतं. माओरीत प्रत्येक अक्षर स्वरावर संपतं. पाच स्वर, तेही ऱ्हस्व आणि दीर्घ. व्यंजनं फक्त दहा. जोडाक्षर एकही नाही. ट, ड, स, ल, ब यांचा पत्ता नाही. उलट थ्रॅश मेटल ही शैली जन्मली इंग्रजीत, आणि इंग्रजीच्या बंद, कडक अक्षरांवरच वाढली. मेटालिका आणि स्लेअर यांचे पहिले अल्बम 1983 चे. त्या गाण्यांत शब्द शेवटच्या व्यंजनावर आपटून थांबतात आणि गिटारही तशीच थांबते. थ्रॅशचा वादक उजव्या तळहाताची कड तारांवर टेकवून सूर निघताक्षणीच दाबतो. सगळं काम ऱ्हस्वात. अशा वाद्याला स्वरांत पसरणारी भाषा मिळाली तर काय होईल, हे 'तू'मध्ये ऐकायला मिळतं. गिटार ऱ्हस्व, गळा दीर्घ. खाली ठोका पडून गेलेला असतो, वर स्वर अजून उभा असतो. भांडण आणि मंत्र, दोन्ही एकाच वेळी.

'थ्रॅशचं पुनरुज्जीवन' हा शब्दप्रयोग मेटल ऐकणाऱ्यांत 2000 नंतर रुळला. रिचमंडचा म्युनिसिपल वेस्ट, हडर्सफील्डचा ईव्हाइल, ब्राझीलचा व्हायोलेटर, कॅलिफोर्नियाचा वॉरब्रिंगर, असे पोरसवदा बँड एकामागून एक आले. ईव्हाइलची मंडळी आधी मेटालिकाचीच गाणी वाजवायची. 2007 चा आपला पहिला अल्बम करायला ती कोपनहेगनला फ्लेमिंग रासमुसेनकडे गेली, म्हणजे ज्यानं मेटालिकाचा 'मास्टर ऑफ पपेट्स' घडवला त्याच्याच दारात. मला ते रेकॉर्ड आवडतं. पण त्या लाटेतलं बरंच काम हे जुनं नाटक जुन्याच पडद्यांवर पुन्हा उभं करण्यासारखं होतं: तीच डेनिमची जाकिटं, तेच अणुस्फोट, तीच कवटी, सगळं 1986 च्याच रंगात. ज्या काळी आपण जन्मलोही नव्हतो त्या काळाची हुरहूर.

एलियन वेपनरी त्या लाटेच्या शेपटाला येतो आणि त्याच्यात दुसरंच एक पुनरुज्जीवन मिसळलेलं आहे. माओरी भाषेचं. 1867 च्या कायद्यानं माओरी मुलांच्या शाळा इंग्रजी झाल्या आणि पुढच्या पिढ्यांनी शाळेत माओरी बोलल्याबद्दल मार खाल्ला. 1972 मध्ये तीस हजारांवर सह्यांचा अर्ज संसदेपुढं गेला. 1982 पासून 'कोहाङा रेओ', म्हणजे भाषेची घरटी, अशा नावाच्या बालवाड्या निघाल्या. मागोमाग माओरी माध्यमाच्या शाळा आल्या आणि 1987 मध्ये भाषेला अधिकृत दर्जा मिळाला. डि याँग भाऊ लहानपणी अशाच शाळेत जात. तिथं दिवसाची सुरुवात गाण्यांनी आणि हाकानं व्हायची. हाका म्हणजे मांड्या थोपटत, पाय आपटत, जीभ काढत सामूहिकपणे म्हणायचा तो आवेशी प्रकार, रग्बीच्या मैदानावर आपण पाहिलेला. ही पोरं मेटलमध्ये हाका घालायला निघालीच नव्हती. त्यांच्या अंगात हाका आधी होता, गिटार नंतर आली. 2010 मध्ये त्यांनी बँड काढला तेव्हा हेन्री दहा वर्षांचा होता आणि लुइस आठ.

हा क्रम ऐकताना जाणवतो. ब्राझीलच्या सेपल्टुरानं 1996 च्या 'रूट्स'मध्ये शावांते आदिवासींचे आवाज घेतले होते. थोर रेकॉर्ड, पण तिथं ते आवाज पाहुण्यासारखे येतात, सन्मानानं बसवले जातात आणि निघतात. 'तू'मध्ये माओरी घरधनी आहे आणि पाहुणेपण गिटारीकडे आहे. अल्बम उघडतो तोच 'फाइकोरेरो'नं. माओरी सभास्थानी पाहुण्यांसमोर उभं राहून करायचं जे रीतसर भाषण, त्याचं हे नाव. उभं राहून, हे महत्त्वाचं. बसून फाइकोरेरो होत नाही.

मग 'रू आना ते फेनुआ'. भूमी हादरते आहे. हेच ते गाडीतलं गाणं. विषय 29 एप्रिल 1864 ची पुकेहिनाहिनाची लढाई, इंग्रजी इतिहासात 'गेट पा'. तौरांगाजवळच्या या टेकाडावर राविरी पुहिराके या नायकाच्या हाताखाली अडीचशेच्या आतबाहेर माओरी लढवय्ये होते. समोर जनरल कॅमरनचे सतराशे सैनिक. त्यांतली 43वी पलटण हिंदुस्थानातून तिकडे गेलेली, 1857 नंतरच्या धामधुमीत आपल्याकडच्या मध्य प्रांतांतून फिरलेली. दिवसभर तोफांचा भडिमार झाला. टेकडीवर काही उरलं नसेल अशा खात्रीनं इंग्रज आत शिरले आणि जमिनीखालून गोळ्या सुटल्या. माओरींनी नागमोडी खंदक खणले होते आणि त्यांवर लाकूड-माती घालून भुयारी आसरे केले होते. शंभराहून अधिक इंग्रज मेले किंवा जखमी झाले, माओरींची हानी त्याच्या कितीतरी कमी. पहिल्या महायुद्धाच्या पन्नास वर्षं आधी खंदकाचं युद्ध इतक्या कौशल्यानं लढलं गेलं होतं, हे जेम्स बेलिच या इतिहासकारानं 1986 मध्ये साधार मांडलं. डि याँग भावांचा पूर्वज ते आहोआहो या लढाईत पडला.

आता गाणं ऐकताना हेन्रीच्या पायांकडे लक्ष द्या. दोन्ही पायांनी वाजवायचा जो खालचा मोठा ड्रम, तो या गाण्यात तोफा होतो. तोफांचं चित्र उभं करायला मेटलमध्ये फार कष्ट पडत नाहीत, कुणीही करतो. इथली गंमत ऐकणाऱ्याच्या जागेत आहे. आपण तोफेच्या मागं उभे नसतो, खंदकात असतो. आवाज वरून, मातीच्या थरातून येतो. हादरणारी जमीन हे डोक्यावरचं छप्परही आहे. मारा चालू असताना जे आरोळी देतात त्यांचा आवाज एकट्याचा नसतो, तो समूहाचाच राहतो. या गाण्यात लुइस जिथं एकटा गातो तिथं मला तो सोळा वर्षांचाच वाटतो, आणि सगळे मिळून ओरडतात तिथं कुणाचंच वय कळत नाही.

शीर्षकातला 'फेनुआ' हा शब्द जरा हातात धरून पाहावा. त्याचा अर्थ जमीन. दुसरा अर्थ वार, म्हणजे बाळंतपणात नाळेसोबत बाहेर येते ती. माओरी रिवाजात ती जमिनीत पुरतात. 'जिथं नाळ पुरली ती जागा' असं आपण म्हणतो तेव्हा दोन गोष्टींची सांगड घालतो. माओरीत दोन्हींना शब्दच एक. हे कळलं की पुढचं 'राउपातु' हे गाणं नुसत्या जमीनजप्तीचं राहत नाही. 1863 मध्ये न्यूझीलंड सेटलमेंट्स अॅक्ट झाला. बंडखोर ठरवलेल्या टोळ्यांच्या जमिनी सरकारजमा करायच्या आणि वसाहतवाल्यांना वाटायच्या, हा त्याचा हेतू. एकट्या वायकाटो भागात सुमारे 12 लाख एकर गेले. पुकेहिनाहिनाची जीत दोन महिनेसुद्धा टिकली नाही. 21 जूनला ते रांगा इथं राविरी पुहिराके मारला गेला, आणि तौरांगाच्या जमिनीही गेल्या. अल्बममध्ये आधी लढाई ऐकायची, मग जप्ती. सनावळी न सांगता त्यांनी कारण आणि परिणाम लावून दिले आहेत. 1995 मध्ये वायकाटोच्या टोळ्यांशी सरकारनं समझोता केला, माफी मागितली आणि समझोत्याच्या कायद्यावर राणी एलिझाबेथनं वेलिंग्टनला येऊन स्वतः सही केली. त्यानंतर जन्मलेली ही पोरं. माफी मागून झालेली असताना ती का ओरडतात, असा प्रश्न ज्यांना पडतो त्यांच्यासाठी अल्बमवर 'व्हिस्पर्स' हे गाणं आहे. त्याचा विषय 2004 चा किनारपट्टी आणि समुद्रतळ सरकारच्या ताब्यात देणारा कायदा.

'राउपातु'ची रचना बाकीच्यांहून साधी आहे, जवळजवळ घणासारखी. एकच आकृती पुन्हा पुन्हा. जाणकार थ्रॅशभक्त इथं नाक मुरडतात: हे थ्रॅशच नाही, वेग कुठं आहे, हे तर नव्वदच्या दशकातलं डुलत्या ठेक्याचं मेटल. त्यांचं अर्धं बरोबर आहे. हे तिघं 1986 च्या मापानं संथच. सुरावटीची कारागिरी, झपाट्यानं बदलणारे भाग, लांबलचक सोलो, यांची अपेक्षा ठेवून आलेला माणूस उपाशी जाईल. पण मला वाटतं, वेग कमी होण्यात भाषेचाही हात आहे. दीर्घ स्वराला मात्रा लागतात. पळत पळत 'तू' म्हटला तर तो 'तु' होईल. भाषा शाबूत ठेवायची तर ठेक्यानं थांबायला हवं, आणि ही मुलं थांबतात.

'काइ ताङाता' हे अल्बममधलं सर्वांत धाडसी गाणं. अर्थ: माणूस खाणारा. विषय 1818 च्या सुमारास पेटलेल्या आणि वीसेक वर्षं चाललेल्या बंदुकींच्या लढाया. यात इंग्रज नाहीत, माओरींनीच माओरी मारले. ज्या टोळ्यांना व्यापाऱ्यांकडून बंदुका आधी मिळाल्या, त्यांनी भालेबरच्या घेतलेल्यांना कापून काढलं. हजारो मेले, हजारो गुलाम झाले. पूर्वजांचा अभिमान गाणाऱ्या अल्बमनं हे झाकलं असतं तरी कुणी विचारलं नसतं. आपल्याकडची शौर्यगीतं आठवून पाहा. बंगालवरच्या स्वाऱ्यांचा पोवाडा कुणी फार रंगवून गात नाही. ही पोरं ते गाणं अल्बममधल्या सगळ्यात कडव्या आवाजात गातात, आणि गाताना नेमके कुणाच्या बाजूनं आहेत ते कळू देत नाहीत. चढून जाणाऱ्यांचा कैफ आणि समोरच्यांची धास्ती, दोन्ही त्या एका आरोळीत आहेत.

या लढायांतलं मोठं नाव होङी हिका. त्याची एक हकिगत मला या अल्बमच्या गाभ्याशी आहे असं वाटतं. 1820 मध्ये हा सरदार मिशनरी टॉमस केंडलबरोबर इंग्लंडला गेला. केंब्रिजला सॅम्युअल ली या प्राध्यापकाजवळ बसून त्यानं माओरी भाषेचं व्याकरण आणि शब्दसंग्रह तयार करायला मदत केली. चौथ्या जॉर्जला भेटला. भेटवस्तूंनी लादलेला परत निघाला आणि वाटेत सिडनीला थांबून शेकडो बंदुका घेतल्या. एकाच सफरीतून त्याच्या देशाला भाषेचं पुस्तकही मिळालं आणि कत्तलीचं हत्यारही. बँडचं नाव या गोष्टीवरून पडलेलं नाही, ते 2009 च्या 'डिस्ट्रिक्ट 9' या चित्रपटावरून पडलं. दोन पोरांना परग्रहावरच्या बंदुका आवडल्या, इतकंच. पण त्या चित्रपटात त्या बंदुकांना एक अट आहे: परग्रहवासीयांचं रक्त ज्याच्या अंगात आहे त्याच्याच हातात त्या चालतात. बाकीच्यांच्या हातात लोखंड. थ्रॅश हे या मुलांसाठी परकं हत्यार, सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीकाठावर घडलेलं. आडनाव डच, गाव स्कॉटिश वसाहतकऱ्यांनी 1850 च्या दशकात वसवलेलं, संगीत अमेरिकन. तरी ते हत्यार ही मुलं माओरीत बोलतात तेव्हाच नीट चालतं.

याचा पुरावा अल्बममध्येच आहे, आणि तो त्यांच्या विरोधात जातो. इंग्रजी गाणी. 'होल्डिंग माय ब्रेथ'मध्ये लुइस स्वतःच्या भीतीबद्दल, दाराबाहेर पडण्याच्या धास्तीबद्दल सांगतो. ते प्रामाणिक आहे आणि सूर मनात राहतो. पण 'पीसी ब्रो' किंवा 'हिपोक्रिट' ही जगातल्या कुठल्याही गावातल्या सोळा वर्षांच्या पोरांच्या बँडनं केली असती. भाषा बदलताच लुइसच्या गळ्यातला ताठपणा जातो, आवाज ओळखीच्या अमेरिकन वळणांवर घसरतो. टॉम लार्किन हा न्यूझीलंडच्या शिहाद बँडचा ड्रमर निर्मितीत होता. त्यानं आवाज भरदार ठेवला आहे, पण अल्बमची छाटणी करायला हवी होती. चार इंग्रजी गाणी कमी असती तर हे रेकॉर्ड दीडपट मोठं वाटलं असतं.

(आपल्याकडे मुंबईतल्या सेप्टरसारख्या जुन्या थ्रॅश बँडनंही गायला इंग्रजीच निवडली. ठ, ढ, ट, ळ अशी अक्षरं घरात असलेल्या भाषेला थ्रॅश परका वाटायचं काही कारण नव्हतं. पण हे मी बाहेर बसून म्हणतो आहे. स्टेजवर घाम त्यांचा गळतो.)

'उरुता' ऐकताना मात्र या मुलांना पुढं काय साधेल याचा अंदाज येतो. 2016 मध्ये शाळकरी बँडांची रॉकक्वेस्ट ही देशव्यापी स्पर्धा त्यांनी जिंकली, त्याच काळातलं हे गाणं. उरुता म्हणजे साथ, रोगाची. बँडनं ते नाव शेवटचा स्वर दुप्पट करून लिहिलं आहे, रेघेऐवजी आ-आ. गोष्ट फांगारोआ बंदरातली. एका जहाजाच्या कप्तानाचं खिशातलं घड्याळ पाण्यात पडतं. टिकटिक करणारी ती वस्तू माओरींनी पाहिलेली असते, तिच्यात काहीतरी जिवंत आहे अशी त्यांची समजूत असते. जहाज निघून जातं, आणि किनाऱ्यावर माणसं तापानं मरायला लागतात. घड्याळातलं भूत त्यांनी मुद्दाम सोडलं, असा अर्थ लावला जातो. पुढं बॉइड नावाच्या जहाजावर सरदाराचा मुलगा ते आरा याला गोऱ्यांनी फटके मारले, तेव्हा मागचा हिशेबही त्यात मिसळला. डिसेंबर 1809 मध्ये बॉइड लुटलं गेलं, त्यावरची साठसत्तर माणसं मारली गेली.

रोग खरोखरच जहाजातून आला होता. घड्याळातून आला नव्हता. गाण्याला हा बारीक फरक कळलेला आहे, म्हणून त्यात कुणी मूर्ख नाही आणि कुणी राक्षस नाही. ठेका 'राउपातु'सारखा घण घालत नाही. तो येतो, थबकतो, पुन्हा येतो, साथीसारखा. आणि जिथं शीर्षकाचा शब्द येतो तिथं लुइस शेवटचा आ सोडत नाही. खालची गिटार केव्हाच दाबली गेलेली असते. तळहात तारांवर, सूर मेलेला, आणि वर तो एक स्वर पाण्यावरून लांब जात राहतो. या अल्बममधली माझी आवडती जागा हीच.

त्या दिवशी गाडी खंबाटकी घाटात शिरेपर्यंत भाच्यानं दोनाची सहा गाणी केली होती. मध्येच त्यानं आजीला सांगितलं की या लोकांच्या भाषेत शब्द ङ नं सुरू होतात. टोळ्यांच्या नावांआधी 'ङाती' लावतात. आई हसायला लागली. तिनं प्राथमिक शाळेत तेहतीस वर्षं बाराखडी शिकवली आहे. 'अरे, तो ङ आम्ही पोरांकडून नुसता घोकून घ्यायचो. वाङ्मय सोडलं तर त्याला काम नव्हतं कधी.' मग खिडकीकडे तोंड करून, आम्हाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं, तिनं तो म्हणून पाहिला. पहिल्यांदा 'नगाती' झालं. बोगद्याच्या आत जमलं.